डेटा वाचला, पण सर्व्हर बसला!
(रेडवाल्या सर्व्हरवर स्वॅप कुठे ठेवावी?)

"सर्व्हरला दोन डिस्क आहेत, रेड केलंय, एक उडाली तरी टेन्शन नाही" हे वाक्य लॅबमध्ये, प्रोजेक्टच्या व्हायवात आणि हॉस्टेलच्या कट्ट्यावर आपण सगळेच ऐकतो. ऐकायला बरं वाटतं आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. पण व्हायवाला बसलेल्या सरांनी पुढचा प्रश्न टाकला, "बरं, मग स्वॅप कुठे आहे?", की भल्याभल्यांची गाडी तिथे अडते.

आता समजा, सबमिशनची शेवटची रात्र आहे. दीडशे जण एकाच वेळी असाइनमेंट अपलोड करतायत. रात्री दीड वाजता सर्व्हरच्या दोनपैकी एक डिस्क बंद पडली. सगळ्या फाइल्स रेडवर होत्या, त्यामुळे एकही फाइल गेली नाही. तरीसुद्धा डेटाबेस बंद पडला, वेबसाइट बंद पडली, आणि ॲडमिनला घरून लॉगिनही करता येईना. का? तर इन्स्टॉल करणाऱ्याने स्वॅप रेडच्या बाहेर ठेवली होती. "स्वॅपमध्ये काय असतं, नुसता टेंपररी कचरा!" असं समजून.

तो कचरा नसतो. कसा नसतो, आणि मग स्वॅप ठेवायची कशी, हेच या लेखात बघायचं आहे. उदाहरणं लिनक्सची घेतली आहेत, कारण सर्व्हरवर आपल्याला बहुधा तेच भेटतं.

स्वॅप म्हणजे नक्की काय?

रूममधलं अभ्यासाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. हे टेबल म्हणजे रॅम. हाताशी लागतं ते सगळं टेबलावर. टेबल भरलं की बरेच दिवस हात न लावलेल्या वस्तू खाटेखालच्या ट्रंकेत जातात. त्यातली एखादी पुन्हा लागली तर ट्रंक ओढायची, वस्तू वर काढायची, आणि जागा करायला टेबलावरचं दुसरं काहीतरी आत टाकायचं. ही ट्रंक म्हणजे स्वॅप. डिस्कवरचा एक भाग, जो कर्नेल रॅमची जोडजागा म्हणून वापरतो. हा व्यवहार पानांच्या हिशोबात चालतो, आणि आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर एक पान ४ किलोबाइटचं असतं.

कल्पना नवी नाही. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीबरोबर बनवलेला ॲटलस कॉम्प्युटर १९६२ साली सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी होती १६ हजार शब्दांची, आणि जोडीला ९६ हजार शब्दांचा फिरता मॅग्नेटिक ड्रम. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. ५१२ शब्दांचं एक पान, असा हिशोब करून मशीन आपणच पानांची ने-आण करायचं. ओएसच्या पेपरला आपण "व्हर्च्युअल मेमरी" म्हणून जे पाठ करतो, त्याची ही सुरुवात.

पण ट्रंक ती ट्रंक, टेबल ते टेबल. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी डोकं योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ८. एकूण १२ मिलिसेकंद धरा. म्हणजे रॅमच्या लाखाहून जास्त पट वेळ! एसएसडी असेल तर हेच काम साधारण १०० मायक्रोसेकंदांत होतं, तरीही ते रॅमच्या हजारपट.

म्हणून स्वॅप असली म्हणजे रॅम वाढली असं समजू नका. कामाची पानंच रॅममध्ये मावेनाशी झाली की मशीन दिवसभर नुसती पानांची ने-आण करत बसतं आणि खरं काम होत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली यावर पेपर लिहिला, आणि आजही तो प्रश्न परीक्षेत येतो. स्वॅपचा खरा उपयोग म्हणजे क्वचित लागणारी पानं बाजूला ठेवून रॅम कामाच्या गोष्टींना मोकळी करणे, आणि अचानक गर्दी झाली तर थोडा दम घ्यायला जागा देणे.

रेड म्हणजे इन्कम टॅक्सची धाड नव्हे

आता दुसरं पात्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमधल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक पेपर मांडला. (हे तेच पॅटरसन, ज्यांचं हेनेसींबरोबरचं कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनचं जाडजूड पुस्तक आपण रीडिंग रूममध्ये उशीसारखं वापरतो!) मुद्दा साधा होता. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त छोट्या डिस्क एकत्र बांधा. पण डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून माहितीची जादा नोंद ठेवा. अशा डिस्कच्या जुडग्याला नाव पडलं रेड.

मूळ पेपरात १ ते ५ अशा पातळ्या होत्या. आपल्याला इथे चारच पुरतात:

रेड १: आरसा. एका डिस्कवर लिहिलं की तेच्या तेच दुसरीवर. थोडक्यात, जर्नलची झेरॉक्स.

रेड ५: तीन किंवा जास्त डिस्क. माहिती वाटून ठेवायची आणि जोडीला पॅरिटी. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातलं गणित करून काढता येतं.

रेड १०: आरशांच्या जोड्या, आणि त्या जोड्यांवर माहिती वाटलेली. बहुधा चार डिस्क लागतात.

रेड ०: हे नाव नंतर चिकटलं. यात माहिती नुसती वाटलेली असते, जादा नोंद काहीच नाही. वेग मिळतो, पण कुठलीही एक डिस्क गेली की सगळं गेलं.

स्वॅपमध्ये कचरा असतो का?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रॅममधली पानं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात.

पहिली फाइलमधून आलेली, उदाहरणार्थ प्रोग्रॅमचा कोड. त्याची मूळ प्रत डिस्कवर असतेच. रॅम कमी पडली तर कर्नेल असं पान सरळ टाकून देतो आणि लागलं की पुन्हा फाइलमधून वाचतो. फाइलचं पान बदललेलं असेल तर आधी त्या फाइलमध्ये लिहून टाकतो. हे लायब्ररीच्या पुस्तकासारखं झालं. परत केलं तरी पुन्हा आणता येतं.

दुसरी पानं निनावी. प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेली माहिती. स्टॅक, हीप, तुमच्या सी प्रोग्रॅममध्ये मॅलॉकने मागितलेली जागा, हे सगळं यात येतं. याची मूळ फाइल कुठेच नाही. हे तुमचं अर्धं लिहिलेलं जर्नल समजा. ते लायब्ररीत मिळत नाही, दुकानात मिळत नाही, जगात त्याची एकच प्रत.

आणि स्वॅपमध्ये जातात ती हीच निनावी पानं! ज्यांची प्रत दुसरीकडे आहे त्यांना ट्रंकेत ठेवायची गरजच पडत नाही. म्हणजे स्वॅपमधलं प्रत्येक पान हे चालू असलेल्या कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या डोक्यातला एक तुकडा असतो, आणि त्याची दुसरी प्रत बहुधा नसते.

"कचरा" हा समज कुठून आला तेही सांगतो. मशीन रीबूट केलं की स्वॅपमधल्या जुन्या माहितीचा कोणालाच उपयोग नसतो. म्हणून बॅकअप घेताना स्वॅप सोडून देतात, आणि ते बरोबरच आहे. पण रीबूटनंतर बिनकामाची असणं वेगळं, आणि मशीन चालू असताना बिनकामाची असणं वेगळं. रॅमसुद्धा रीबूटनंतर कोरीच होते. म्हणून कोणी चालू मशीनमधून रॅमची पट्टी उपसून काढतं का?

डिस्क गेली की नेमकं काय होतं?

समजा स्वॅप सरळ एका डिस्कवर आहे आणि ती डिस्क मेली. लिनक्सचा कर्नेल स्वतःची मेमरी स्वॅपमध्ये ठेवत नाही, त्यामुळे कर्नेल बहुधा जिवंत राहतो. स्वॅपमध्ये पान लिहिताना एरर आली तरी तितकं बिघडत नाही, कारण ते पान अजून रॅममध्येच असतं. खरा घोटाळा वाचताना होतो. एखाद्या प्रोसेसला तिचं जुनं पान हवं असतं, कर्नेल डिस्ककडे मागतो, डिस्क उत्तर देत नाही. आता कर्नेलने त्या प्रोसेसला काय द्यावं? मनाने भरून तर देता येत नाही. तो तिला "बस एरर"चा सिग्नल पाठवतो आणि प्रोसेस तिथेच संपते.

कोणत्या प्रोसेस आधी जातील? ज्यांची पानं ट्रंकेत आहेत त्या, म्हणजे बराच वेळ निवांत बसलेल्या. आता विचार करा, सर्व्हरवर सगळ्यात निवांत कोण असतं? रिमोट लॉगिनसाठी बसलेला एसएसएचचा डीमन, ठरलेल्या वेळी कामं करणारा क्रॉन, मेल पाठवणारा प्रोग्रॅम! म्हणजे अडचणीच्या वेळी ॲडमिनला नेमकी ज्यांची गरज लागते तेच. मशीन पिंगला उत्तर देतं, पण आत कोणाला घेत नाही. हा अर्धमेला सर्व्हर पूर्ण मेलेल्यापेक्षा जास्त डोकं खातो.

डेटाबेसचं काय? त्याच्या फाइल्स रेडवर शाबूत असतात आणि पुन्हा चालू केल्यावर तो आपल्या लॉगवरून सावरतो. पण त्या क्षणी सेवा बंद पडली ती पडलीच. म्हणूनच शीर्षकात म्हटलं, डेटा वाचला, पण सर्व्हर बसला. दोन डिस्कचा खर्च आपण "एक गेली तरी काम चालू राहावं" म्हणून केलेला असतो. स्वॅप बाहेर राहिली तर त्यातला अर्धाच भाग पदरात पडतो.

आणखी एक गोष्ट. डिस्क मरायच्या आधीच स्मार्टने इशारा दिला आणि तुम्हाला ती चालू मशीनमध्ये बदलायची आहे. स्वॅप तिच्यावरच असेल तर आधी स्वॅपऑफ करावं लागतं, म्हणजे ट्रंकेतलं सगळं टेबलावर आणावं लागतं. टेबलावर तेवढी जागा नसेल तर? मग मशीन बंद करण्याशिवाय गत्यंतर नाही.

वेगाचा मोह

इथे सीनियर मंडळी एक युक्ती सांगतात. दोन डिस्कवर दोन स्वॅप पार्टिशन करा आणि एफएसटॅब फाइलमध्ये दोघांना सारखीच प्रायॉरिटी द्या. मग कर्नेल पानं आळीपाळीने दोन्हीकडे पाठवतो आणि वेग वाढतो. युक्ती खरी आहे. प्रायॉरिटी ० ते ३२७६७ पर्यंत देता येते. काहीच दिली नाही तर कर्नेल क्रमाने उतरत्या प्रायॉरिटी लावतो, म्हणजे पहिली स्वॅप भरली की मगच दुसरी. सारखी दिली तर आळीपाळीने.

पण ही युक्ती म्हणजे दुसऱ्या नावाने रेड ० आहे, हे ओळखलंत का? पानं दोन्ही डिस्कवर पसरलेली आहेत, म्हणजे दोनपैकी कुठलीही एक डिस्क गेली तरी दणका बसणार.

थोडं गणित करू. एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ५ टक्के आहे असं फक्त हिशोबापुरतं धरा. एका डिस्कवर स्वॅप असेल तर धोका ५ टक्के. दोन डिस्कवर वाटली तर दोन्ही टिकण्याची शक्यता ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे ०.९०२५. धोका झाला ९.७५ टक्के, जवळजवळ दुप्पट. चार डिस्कवर वाटली तर धोका साडेअठरा टक्के!

आता आरसा घ्या. एक डिस्क गेली आणि तुम्ही ती एका दिवसात बदललीत. धोका तेव्हाच, जेव्हा त्याच एका दिवसात दुसरीही जाईल. हिशोब मांडला तर वर्षाला साधारण ७३ हजारांत १ इतकी शक्यता येते. प्रत्यक्षात आकडा इतका सुंदर नसतो. दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या, एकाच खोलीत तापलेल्या, एकाच पॉवर सप्लायवर असतात, त्यामुळे त्यांचं नशीब काही प्रमाणात जोडलेलं असतं. तरीही ९.७५ टक्के कुठे आणि हे कुठे!

आणि वेगाचं म्हणाल तर, सर्व्हर वेगासाठी स्वॅपवर अवलंबून राहायला लागला असेल तर औषध एकच, रॅम वाढवा.

मग करायचं काय?

दोन डिस्क असतील तर स्वॅप रेड १ वर. चार असतील तर रेड १ किंवा रेड १० वर. बस्स. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये पायऱ्या अशा:

१) दोन्ही डिस्कवर सारख्याच मापाचं एकेक पार्टिशन करा. त्यांचा प्रकार "लिनक्स रेड" ठेवा, "लिनक्स स्वॅप" नव्हे. जुन्या एमबीआर पद्धतीत स्वॅपचा कोड ८२ आणि रेडचा एफडी असतो. स्वॅप आरशावर बसणार आहे, सुट्या पार्टिशनवर नाही, हे लक्षात ठेवा.

२) एमडीॲडम या प्रोग्रॅमने त्या दोन पार्टिशनचा रेड १ ॲरे तयार करा. समजा त्याचं नाव पडलं एमडी१.

३) एमडी१ वर एमकेस्वॅप चालवा. तो स्वॅपची सही करतो आणि एक यूयूआयडी देतो.

४) एफएसटॅबमध्ये हा यूयूआयडी लिहा, एमडी१ हे नाव नको. ॲरेची नोंद एमडीॲडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि बूटच्या वेळच्या रॅमडिस्कमध्ये नसेल तर रीबूटनंतर एमडी१ चा एमडी१२७ झालेला दिसतो. नावावर विसंबलात तर स्वॅप चालूच होणार नाही. यूयूआयडी तोच राहतो.

५) स्वॅपऑन करा. मग "प्रॉक" फोल्डरमधल्या स्वॅप्स फाइलमध्ये बघा. तिथे ॲरेचं नाव दिसायला हवं, सुट्या डिस्कचं नव्हे. आधीची सुटी स्वॅप पार्टिशनं असतील तर स्वॅपऑफ करून एफएसटॅबमधून त्यांच्या ओळी काढून टाका. ही ओळ विसरली की आरसा करूनही जुनी स्वॅप मागच्या दाराने परत येते!

वेगळं पार्टिशन नको असेल तर आरशावरच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टीममध्ये स्वॅप फाइल केली तरी चालते. कर्नेल २.६ पासून स्वॅप फाइल आणि पार्टिशन यांच्या वेगात फारसा फरक उरलेला नाही, कारण चालू करतानाच कर्नेल फाइलचे ब्लॉक डिस्कवर कुठे आहेत ते टिपून ठेवतो. एलव्हीएम वापरत असाल तर खालचा व्हॉल्यूम ग्रुप आरशावर असला म्हणजे झालं.

दोन ठिकाणी जरा जपून. बीटीआरएफएसमध्ये स्वॅप फाइल कर्नेल ५.० पासून, म्हणजे २०१९ पासून चालते, पण फाइलसिस्टीम एकाच डिव्हाइसवर असेल तरच. म्हणजे बीटीआरएफएसच्या स्वतःच्या रेडवर ती ठेवता येत नाही. झेडएफएसच्या व्हॉल्यूमवर स्वॅप ठेवली तर मेमरीची फार ओढाताण झाल्यावर मशीन गोठू शकतं. अशा सर्व्हरवर स्वॅपपुरता एमडीचा छोटा आरसा वेगळा करणं उत्तम.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर ओएसला मुळात एकच डिस्क दिसते, त्यामुळे स्वॅप आपोआप रेडवर येते. मग प्रश्न फक्त पातळीचा उरतो.

रेड ५ वर का नको?

रेड ५ वर स्वॅप सुरक्षित असते, प्रश्न वेगाचा आहे. एक छोटं पान लिहायचं म्हटलं तरी जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी माहिती लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं पडतात. स्वॅपचं लिखाण तर बरेचदा असं तुकड्या-तुकड्यांचंच. शिवाय एक डिस्क गेलेली असताना तिच्यावरचं एक पान वाचायला उरलेल्या सगळ्या डिस्क वाचाव्या लागतात. मेमरी कमी पडलीये, डिस्कही गेलीये, आणि त्याच वेळी प्रत्येक पान उशिरा येतंय, ही अवस्था कोणावर येऊ नये. आरशाला दोनदा लिहावं लागतं, पण दोन्ही डिस्कवर एकाच वेळी. आणि वाचताना तो दोनपैकी कुठल्याही डिस्ककडून घेऊ शकतो.

स्वॅप किती ठेवावी?

"रॅमच्या दुप्पट" हा जुना नियम रॅम १२८ किंवा २५६ एमबी असायची त्या काळातला. आज ६४ जीबीच्या सर्व्हरला १२८ जीबी स्वॅप दिली तर ती भरेपर्यंत सर्व्हर कधीच बसलेला असेल. हिशोब करा: १ जीबी म्हणजे २,६२,१४४ पानं. प्रत्येक पान हार्ड डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यातून १२ मिलिसेकंदांनी आणलं तर फक्त १ जीबीला साधारण ५२ मिनिटं! प्रत्यक्षात कर्नेल शेजारची पानं एकत्र आणतो म्हणून वेळ बराच कमी होतो, पण अंदाज येतो.

रेड हॅटच्या मार्गदर्शनात २ जीबीपर्यंत रॅमला दुप्पट, २ ते ८ जीबीला रॅमइतकी, आणि त्यापुढे किमान ४ जीबी असा हिशोब दिलेला आहे. सुरुवातीला हे प्रमाण धरायला हरकत नाही. सर्व्हरला हायबरनेट करायचं नसतं, त्यामुळे रॅमइतकी स्वॅप हवीच असं नाही.

"मग स्वॅप ठेवूच नका ना, कटकटच नको!" असं कोणी म्हणेल. पण मग निनावी पानं, कितीही निरुपयोगी असोत, रॅममध्येच अडकून पडतात. आणि गर्दी झाली की कर्नेलचा ओओएम किलर लवकर जागा होऊन एखादी मोठी प्रोसेस मारतो, जी बरेचदा नेमका डेटाबेसच असते. डिस्कला हात न लावता रॅममध्येच पानं दाबून बसवणारा झेडरॅम हा एक पर्याय आहे. फेडोरा ३३ ने तो २०२० साली सरसकट सुरू केला. छोट्या मशीनला तो छान, आणि त्यात डिस्क नसल्यामुळे डिस्क मरण्याचा प्रश्नही नाही. पण तो रॅममधलीच जागा वापरतो, हे विसरू नका.

आरसा फुटला तर कळायला हवं

आरशाची एक खोड आहे. एक डिस्क गेली तरी सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. मग चार महिन्यांनी दुसरी जाते आणि लोक म्हणतात, "रेडचा काही उपयोग नाही हो." म्हणून प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल अधूनमधून बघा. दोन यू दिसले तर दोन्ही डिस्क जाग्यावर. एका यूच्या जागी खालची रेघ दिसली तर एक गेलेली आहे. त्याहून बरं म्हणजे एमडीॲडम मॉनिटर मोडमध्ये चालू ठेवा, तो मेल पाठवतो. आणि तो मेल कोणीतरी वाचतंय याचीही खात्री करा!

दर महिन्याला ॲरेची तपासणी चालते, तेव्हा स्वॅपच्या आरशावर "मिसमॅच"चा आकडा शून्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लगेच घाबरू नका. पान दोन्ही डिस्कवर लिहिलं जात असतानाच प्रोग्रॅमने ते बदललं, तर दोन प्रती थोड्या वेगळ्या पडतात. असं पान नंतर स्वॅपमधून वाचलं जात नाही, म्हणून नुकसान नसतं. हाच आकडा रेड ५ किंवा ६ वर आला तर मात्र हार्डवेअर तपासा.

आणखी एक. स्वॅपमध्ये पासवर्डसकट काहीही असू शकतं. बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत जाते तेव्हा हे सगळं तिच्याबरोबर जातं. आरशाच्या वर, दर बूटला नवी किल्ली बनवणारं एन्क्रिप्शन लावता येतं. स्वॅप रीबूटनंतर नकोच असते, त्यामुळे किल्ली हरवण्याची चिंताही नाही.

रूमवर करून बघा

यासाठी खरा सर्व्हर लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये १ जीबी रॅमचं लिनक्स मशीन बनवा आणि सिस्टीमच्या डिस्कशिवाय २ जीबीच्या दोन जादा साटा डिस्क जोडा. त्यांना हॉटप्लगची खूण करा. मग दीड जीबी मेमरी मागून तिच्यात आकडे भरणारा आणि पुन:पुन्हा वाचून तपासणारा छोटा सी प्रोग्रॅम लिहा. नुसतं मॅलॉक करून भागणार नाही हं! त्या जागेत प्रत्यक्ष लिहीपर्यंत लिनक्स पान देतच नाही. व्हीएमस्टॅटमधले एसआय आणि एसओ हे कॉलम हलायला लागले की स्वॅप चालू झाली समजा.

पहिल्यांदा दोन्ही डिस्कवर सारख्या प्रायॉरिटीची सुटी स्वॅप ठेवून एक डिस्क काढा आणि प्रोग्रॅमचं काय होतं ते बघा. दुसऱ्यांदा त्याच डिस्कचा आरसा करून तेच करा. मग डिस्क परत जोडून एमडीस्टॅटमध्ये आरसा पुन्हा भरताना बघा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि ओएसचे दोन चॅप्टर त्यात आपोआप होतात. लॅब सांभाळणाऱ्या मंडळींनीही नवा सर्व्हर कामाला लावण्याआधी, तो रिकामा असतानाच, ही परीक्षा एकदा घ्यावी. सबमिशनच्या रात्री घेण्यापेक्षा बरी!

शेवटी एवढंच, की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल आरसा दोन्हीकडून तितक्याच इमानदारीने डिलीट करतो. बॅकअप वेगळा हवाच. पण मशीन चालू राहावं म्हणून रेड घेतलं असेल, तर मशीन ज्याच्यावर चालतं ते सगळं त्यात हवं. तर मग आज लॅबमधल्या सर्व्हरवर परवानगी घेऊन लॉगिन करा आणि प्रॉकमधली स्वॅप्स फाइल उघडा. पहिल्या कॉलममध्ये एमडी दिसतंय, की सुटी डिस्क?